मी गाळलेल्या दोन ओळी

माझे वडील बोलायचे मराठी आणि लिहायचे उर्दूत. आमच्या औरंगाबादेत याचं कुणाला नवल नव्हतं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, कचेरी उर्दू, त्यांची सगळी कारकुनी त्यातच गेली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पुढं कचेरीत मराठी आली, आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस एकदम अडाणी ठरला. पोथीतलं टपोरं अक्षर त्यांना लागायचं, पण वर्तमानपत्राचा बारीक ठसा नाही. देवनागरीत लिहिणं तर दूरच, सहीसुद्धा उर्दूत.

गुलमंडीला एका माडीवरून चार पानी साप्ताहिक निघायचं. मोठ्या पेपरांना आमच्या गल्लीबोळांचं काय सोयरसुतक! कुठल्या हौदाचं पाणी आटलं, दौलताबादचे पेरू आले का, कोण गेलं, कुणाकडं पाळणा हलला, ते सगळं या साप्ताहिकात. संपादक शाळामास्तर होते. त्यांनी वडिलांना गळ घातली, "रोज सकाळी सगळं शहर पालथं घालता, लिहा की!"

वडील म्हणाले, "लिहितो, पण माझ्या लिपीत. पोरगी उतरवून देईल."

म्हणजे शब्द मराठी, अक्षरं उर्दू. ती लिपी मला त्यांनीच शिकवली होती. दर गुरुवारी मी त्यांचा कागद देवनागरीत उतरवायची आणि छापखान्यात नेऊन द्यायची.

मी नुकतीच मॅट्रिक झालेली, डोक्यात हवा! पुण्याची पुस्तकं वाचून वडिलांची बोली मला गावंढळ वाटायला लागली होती. ते लिहायचे, 'पडेगावच्या रस्त्यावरली चिंच पडली. लई वाईट झालं. आता सावलीला कुठं थांबावं?' मी करायची, 'पडेगाव मार्गावरील जुना चिंचवृक्ष उन्मळून पडल्याने पांथस्थांची गैरसोय होत आहे.' अग बाई, काय तो तोरा! अंक आला की ते मला वाचून दाखवायला सांगायचे. मी अंक तोंडासमोर धरायची आणि पाठ असलेले त्यांचेच शब्द म्हणायची. ते खूश. दोन वर्षं मी त्यांना असं फसवलं आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

मग पैठण गेटवरचा म्हातारा मुसलमान टांगेवाला वारला. वडिलांनी त्याच्यावर लिहिलं. घोड्याला तो स्वतःच्या आधी कसा खाऊ घालायचा, उधळलेल्या घोड्यालाही शिवी कशी द्यायचा नाही. शेवटी दोन ओळी होत्या. 'पोलीस ॲक्शनच्या आधी, आमच्यातलं कुणी घराबाहेर पडायला धजत नव्हतं, तेव्हा यानं मला रोज शेजारी बसवून कचेरीत नेलं. पुढं वारं फिरलं, हा आठ दिवस दाराला कडी लावून बसला, तेव्हा मी त्याच्या दारात गेलो नाही.'

मी त्या दोन्ही गाळल्या. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? आणि खरं सांगते, मला आपल्या वडिलांची लाज वाटली होती.

अंक निघाल्या दिवशी वडील म्हणाले, "चल ग, त्याच्या घरी जाऊ. भाभींना वाचून दाखव." मी निर्धास्त निघाले, ओळी पाठच होत्या. भाभी म्हणजे त्याची विधवा. त्या पडद्याआड बसल्या. मी अंक उघडणार, तोच त्यांची नात पुढं आली. मराठी शाळेत जायची ती. म्हणाली, "मैं पढती ना!" आणि अंक माझ्या हातातून घेतलासुद्धा.

ती मोठ्यानं वाचू लागली. 'शहरातील एक वयोवृद्ध व सुपरिचित व्यक्तिमत्त्व...' वडील मान खाली घालून ऐकत होते, त्या दोन ओळींची वाट बघत. पोरगी थांबली.

"पुढं?" वडील म्हणाले.

"बस, खतम हो गया."

पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "अच्छा लिखे भाईसाब." वडिलांनी दोन्ही हात जोडले.

घरी येईपर्यंत ते माझ्या चार पावलं पुढं चालत राहिले. मी मनात म्हणत होते, एकदा रागवा तरी! दारात चपला काढताना ते म्हणाले, "बाकीचं तुझ्या मनासारखं केलंस, ठीक. पण ते शेवटचं सांगायलाच मी गेलो होतो. तोंडानं सांगायचं धाडस होत नव्हतं ग, म्हणून लिहिलं होतं."

मी पाय धरले. "या आठवड्यात घालते ना बाबा, जसंच्या तसं!"

"नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी आणली. सव्वा महिना ते ओसरीवर बसून अक्षरं गिरवत होते. येणारेजाणारे हसायचे, "काय रावसाहेब, बिगरीच्या वर्गात नाव घातलं का?" वडील म्हणायचे, "व्हय, उशीर झाला जरा." मास्तरांचे दोन निरोप आले, तरी त्यांनी मजकूर दिला नाही. मी जवळ गेले की पाटी बाजूला ठेवायचे.

मग एका गुरुवारी ते स्वतःच छापखान्यात गेले. काय दिलं ते मला अंक आल्यावर कळलं, शहरातल्या बाकीच्यांसारखंच. टांगेवाल्याच्या त्या दोन ओळी होत्या, अगदी त्यांच्याच शब्दांत. आणि खाली लिहिलं होतं, 'मागल्या खेपेला हे राहून गेलं. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाय.'