सुई न चालणारी दाढ

सिरिंज भरून मी वळलो, तर खुर्चीतल्या बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"सुई नगं," त्या म्हणाल्या. तोंड एका बोटापलीकडे उघडत नव्हतं, त्यामुळे शब्द दातांतूनच बाहेर येत होते. "मागं सुईनं मी मेले व्हते."

लढाईची वर्षं होती. सांगलीत माझा दातांचा दवाखाना होता. दिवस नागपंचमीचा. बाईंचं नाव सगुणा, वय पंचविशीच्या आसपास, माहेर शिराळ्याजवळचं. सणाला माहेरी आल्या आणि खालची उजवी दाढ सुजली. वडील पेन्शनीत निघालेले हवालदार. तेच पहिल्या सर्व्हिस मोटारीनं त्यांना घेऊन आले होते. ताप एकशे दोन. गाल टम्म, आणि सूज जबड्याच्या खाली उतरू लागलेली.

"सुईनं मेले होते" हे वाक्य माझ्या दवाखान्यात महिन्यातून दोनदा तरी ऐकू येई. दात काढायला उपाशीपोटी जायचं, असा आपल्याकडे समज आहे. उपाशी माणूस सुई बघूनच घेरी येऊन पडतो आणि दोष औषधावर जातो. सगुणाबाईंचा तर आदल्या दिवशी, चतुर्थीला, भावासाठी धरतात तो उपवास झालेला. मी मनातल्या मनात निदान करून मोकळा झालो.

"घेरी आली असेल," मी म्हणालो.

"आवं डॉक्टर, घेरी म्हंजे काय ते मला ठावं हाय," हवालदार म्हणाले. "पलटणीत टोचाय लागलं की धा-धा जण आडवं व्हायचं. ही तशी पडली न्हाई."

"पडली तेव्हा चेहरा पांढरा झाला होता की लाल?"

"लाल! अंगभर गांधी उठल्या, ह्या एवढाल्या. व्हट सुजलं. दम लागला, छातीत शिट्टी वाजाय लागली. इस्लामपूरचा डॉक्टरच घामानं भिजला, तर मी काय सांगू?"

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली.

दोन्हीतला फरक साधा आहे. घेरीत माणूस पांढरा पडतो, गार होतो आणि आडवा केला की दोन-चार मिनिटांत डोळे उघडतो. गांधी, सुजलेले ओठ आणि छातीतली शिट्टी यांचा अर्थ वेगळा. त्या शरीराला ते औषधच चालत नाही. हिरडी बधिर करायला आम्ही तेव्हा नोव्होकेन वापरत असू. कातडीत एक थेंब टोचून परीक्षा करण्याची पद्धत होती. पण सांगणं खरं असेल तर एक थेंबही जास्त, आणि त्रास उलटवायला माझ्याजवळ अ‍ॅड्रेनलिनची एकच अँप्यूल होती. मी परीक्षा केली नाही.

शेजारच्या गल्लीत एक सर्जन होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांना बोलावलं. त्यांनी जबड्याखाली बोटं दाबून पाहिलं, जीभ वर करायला सांगितली आणि मला बाहेर नेलं.

"क्लोरोफॉर्म मी देणार नाही," ते म्हणाले. "तोंड उघडत नाही. झोपेत गळू फुटलं तर पू सरळ फुप्फुसात. आणि सूज जिभेखाली सरकली तर श्वास कोंडेल. आज पू काढ. दाढ मागाहून."

"इथिल क्लोराइडचा फवारा मारून चिरतो."

"चीर. चार वाजेपर्यंत बघ. नाहीतर माझ्याकडे आण, मी बाहेरून उघडतो. झोप न देता."

इथिल क्लोराइड म्हणजे काचेच्या नळीतलं एक द्रव. पितळी चाप दाबला की बारीक धार उडते, लगेच वाफ होते आणि जागा बर्फासारखी पांढरी पडते. मिनिटभर काही कळत नाही. गळवाला चीर द्यायला तेवढं पुरतं. मी हे सगळं सगुणाबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आज चिरायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

"का?"

"पंचमी हाय."

मी इथलाच. नागपंचमीला विळी लावत नाहीत, नांगर धरत नाहीत, तव्यावर काही टाकत नाहीत, हे मला माहीत होतं. माझ्याही घरी त्या दिवशी पुरणाची दिंडंच उकडली होती. पण हिरडीला हा नियम लागेल, हे ध्यानात आलं नव्हतं.

"अगं पोरी, ते भाजीला आसतंय, दाढंला न्हवं," हवालदार म्हणाले.

"आबा, दादाचं पत्र येऊन चार म्हयने झालं. काल त्येच्यासाठी उपास धरला आन् आज सुरी लावून घिऊ? माजं काय व्हायचं ते हू दे."

भाऊ ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. (पुढे तो सुखरूप परत आला. पण त्या दिवशी ते कुणालाच माहीत नव्हतं.) हवालदार खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी पुन्हा आत पाहिलं. गालाच्या बाजूला हिरडीचा फुगवटा मऊ होता, मधोमध पिवळट. म्हणजे पू वरच आला होता. मी विचारलं, "पंचमीला चिरत नाहीत. शेकतात का?"

"शेकायला काय हुतंय?"

मग तसं ठरवलं. जबड्याच्या खाली सुजेच्या कडेवर शाईच्या पेन्सिलीनं रेघ ओढली. जंतू मारायला सल्फाच्या गोळ्या दिल्या. कडकडीत, पण सोसेल असं मिठाचं पाणी तोंडात धरायचं, गार झालं की थुंकायचं, पुन्हा धरायचं. असं दहा मिनिटं, मग दहा मिनिटं विश्रांती. गाल बाहेरून अजिबात शेकायचा नाही. घरोघरी लोक अळशीचं पोटीस गालावर बांधतात, मग गळू गालातूनच फुटतं आणि जन्माचा व्रण राहतो.

"सूज रेघेच्या खाली बोटभर गेली, तर अण्णांकडे," मी म्हणालो. "मग मी विचारणार नाही."

"इचारा की. मी न्हाईच म्हणीन."

"मग मी उचलून नीन," हवालदार म्हणाले. "आन् पाप माज्या डोस्क्यावर."

साडेदहाला सुरुवात केली. दर अर्ध्या तासानं मी रेघ बघत होतो. बाराला सूज रेघेवर. एकला रेघेच्या दोन सूत खाली. दीडला तेवढीच. दुसरे पेशंट मी बाहेरच्या बाकावर तपासले. नाडी एकशे वीस होती. अण्णांकडे निरोप पाठवून टेबल तयार ठेवायला सांगितलं.

अडीचच्या सुमारास सगुणाबाई पाणी धरून बसल्या होत्या, त्या एकदम पुढे वाकल्या. भांड्यात पू आणि रक्त पडलं. खोलीत उभं राहवेना इतका वास. हवालदारांनी नाकाला पटका लावला.

"काय गं, काय मेलंय आत?"

सगुणाबाईंनी तोंड धुतलं आणि सकाळपासून पहिल्यांदा मागे टेकून बसल्या. "म्या न्हाई चिरलं. त्येनंच वाट काढली."

चारला नाडी शंभर. सूज रेघेच्या वर.

तिसऱ्या दिवशी ताप नव्हता, तोंड दोन बोटं उघडत होतं आणि दाढ चांगलीच हलत होती. आता प्रश्न बधिर कसं करायचं हा. लवंगेच्या तेलानं ठणका थांबतो, दाढ निघत नाही. क्लोरोफॉर्म आता देता आला असता, पण हलत्या दाढेसाठी तेवढी जोखीम अण्णांना पटेना. क्लोरोफॉर्मनं टेबलावरच हृदय बंद पडल्याचं त्यांनी पाहिलं होतं. राहिला फवारा. मी स्पिरिटचा दिवा विझवला, कारण ही वाफ पेट घेते. शेजारचे दात कापसानं झाकले, घशाकडे जाळीची पट्टी लावली.

"दुखणार नाही असं मी म्हणत नाही," मी सांगितलं. "आधी गार झोंबेल, मग ओढ लागेल. चाळीस आकडे मोजेपर्यंत. श्वास नाकानं."

"मोजणार कोन?"

"मी मोजतो," हवालदार म्हणाले आणि परेडच्या आवाजात सुरू झाले. हिरडी पांढरी झाली, मी चिमटा लावला. एकोणिसाव्याला सगुणाबाई ओरडल्या. हवालदारांचा आवाज फाटला, पण आकडा चुकला नाही. सव्विसाव्याला दाढ माझ्या हातात होती.

"झालं. थांबा आता," मी म्हणालो. ते एकतीसपर्यंत गेले होते.

जाताना मी मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली, की या बाईंना नोव्होकेन देऊ नये. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी ही दाखवा, असं बजावलं.

सहा महिन्यांनी दोघं वरची एक दाढ दाखवायला आले. मी चिठ्ठी मागितली. सगुणाबाईंनी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातून एक पितळी चकती बाहेर काढली. तिच्यावर ठोकून अक्षरं काढली होती: 'दाताची सुई चालत नाही. गांधी उठतात.' मागे इंग्रजीत औषधाचं नाव, एक अक्षर उलटं.

"कागद भिजतोय, डॉक्टर," हवालदार म्हणाले. "पलटणीत परतेकाच्या गळ्यात बिल्ला आसतो. तांबटाकडनं करून घेतला."

"बाया इचारत्यात, कुठल्या पलटणीतली म्हणून," सगुणाबाई म्हणाल्या.

दवाखान्याच्या कागदावर पहिली ओळ मी तेव्हापासून बदलली. नाव-गावाच्या खाली, दात बघण्याआधी, पूर्वी कुठल्या औषधानं त्रास झाला ते विचारतो आणि पेशंटच्याच शब्दांत लिहितो. खरं-खोटं नंतर ठरवतो. नंतरच्या वर्षांत असे तीन पेशंट निघाले. तिघांनाही चिठ्ठ्या दिल्या, तिन्ही हरवल्या. आता चिठ्ठीबरोबर तांबटाचं दुकान कुठं आहे तेही सांगतो.