आईचा चौथा फोटो

आईला मॉडेल करायचं असं मी म्हटलं, तेव्हा माझे मालक हातातला चहा खाली ठेवून पोटभर हसले. लोणावळ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. मी त्यांच्याकडे आधी नुसते लाइट धरायला लागले, मग हळूहळू कॅमेरा हातात आला. लग्न ठरलेली जोडपी, रिसॉर्टच्या खोल्या, हॉटेलवाल्यांच्या थाळ्या, सगळ्यांचे फोटो आता मीच काढते. मालक माणूस वाईट नाहीत, पण त्यांना दुसऱ्याच्या उत्साहावर पाणी ओतल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

झालं होतं असं, की पुण्याच्या एका जाहिरात कंपनीला पन्नाशीच्या पुढची बाई हवी होती. त्यांची अट अशी की एकाच बाईचे चार फोटो पाठवा आणि त्या चार वेगळ्या बायका वाटल्या पाहिजेत. शेतात राबणारी, शाळेची मुख्याध्यापिका, सहलीला आलेली शहरातली बाई आणि मोठ्या घराची मालकीण. चेहरा तोच, बाकी कपडे, केस, उजेड, जागा सगळं बदललेलं. चारही जमले तर त्या बाईला त्यांच्याकडे नेहमीचं काम मिळणार होतं.

मला ते काम आईसाठी हवं होतं. आई मळवलीत एका बंगल्याची देखभाल करते. बंगल्याच्या मॅडम मुंबईला असतात, महिन्यातून एखाद्या शनिवारी येतात. बाकीचे दिवस झाडलोट, फरशी, बाग आणि वरच्या मजल्याचा जिना आईच्या वाट्याला. तिचे गुडघे पार गेलेत. डॉक्टरांनी उकिडवं बसून काम करायचं नाही म्हणून बजावलंय, आणि ही बाई उकिडवं बसूनच फरशी पुसते, कारण दांड्याच्या पोछ्यानं कोपरे राहतात म्हणे. संध्याकाळी ती घरी येऊन उंबऱ्यावर हात टेकते आणि मग वर चढते. ते रोज बघून माझं डोकं फिरायचं.

"फोटोचं काम बसूनच करायचं ना?" आईनं विचारलं. "मग चालतंय की. पर तोंडाला लय काय फासू नगंस."

पहिला फोटो सोपा होता. भाजे गावातल्या आमच्या भातखाचरात भात कापणीला आलं होतं. सकाळचं तिरकं ऊन, डोक्याला बांधलेला टॉवेल, हातात विळा. फक्त कॅमेरा दिसला की आई लग्नाच्या ग्रुप फोटोसारखी ताठ व्हायची. शेवटी मी म्हटलं, "तू आपलं काप, मी माझं बघते." चार मुठी भात कापून झाल्यावर ती मला विसरली आणि फोटो मिळाला.

मुख्याध्यापिकेसाठी विहारात जाताना नेसायची तिची पांढरी साडी काढली. केस घट्ट मागे, डोळ्यांवर बिननंबरचा चष्मा. शाळा सुटल्यावर गुरुजींना विचारून व्हरांड्यात उभं केलं. तिथे ऊन थेट येत नाही, समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून मऊ होऊन येतं. त्या उजेडात तिच्या चेहऱ्याचा रापलेपणा निवला आणि कपाळावरच्या आठ्या एकदम शिकलेल्या दिसायला लागल्या. मी तिला हे बोलून दाखवलं, तर म्हणाली, "आठ्या तुज्यामुळंच पडल्यात."

तिसऱ्याला मात्र मजा आली. शहरातली बाई म्हणून मी तिला पंजाबी ड्रेस घातला, पायात बूट, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा गॉगल. आयुष्यात पहिल्यांदा ड्रेस घातलेला. ती घरातून बाहेरच पडेना. ओढणी इकडून ओढ, तिकडून ओढ. लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी तिला उभी केली, तर कणसं भाजणारी आमच्याच आळीतली मावशी तिला हाक मारून म्हणाली, "ओ आंटी, भुट्टा लेलो, गरम हाय!" रोज हिच्याकडून विरजण नेणारी बाई! आई एवढी हसली की गॉगल खाली पडला. मावशीनं तिला ओळखलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. तो हसतानाचाच फोटो मी ठेवला.

राहिला चौथा. घराच्या मालकिणीचा.

जागेचा प्रश्नच नव्हता. मी मॅडमना फोन करून विचारलं, हॉलमध्ये एक फोटो काढू का. त्या म्हणाल्या, "अगं विचारतेस काय, घर तुमचंच आहे." असं म्हणायची पद्धत असते, पण त्यांनी ते मनापासूनच म्हटलं होतं. मी ओळखीतून टसरची साडी आणली, मोत्यांची कुडी आणली, केसांना वळण दिलं, स्टुडिओतले दोन मोठे लाइट आणून लावले. आईला सोफ्यावर बसवलं आणि कॅमेऱ्यातून बघितलं.

साडी मालकिणीची होती, मोती मालकिणीचे होते, पण आई बसली होती दुसऱ्याच्या रिझर्व्हेशनच्या जागेवर बसतात तशी. सोफ्याच्या कडेवर चार बोटांपुरती टेकलेली, पाय आत ओढलेले, दोन्ही हात मांडीत. मी म्हटलं मागे सरक. सरकली, आणि हळूच परत पुढे आली. मी लाइट बदलले. एक बंद केला, दुसरा उंच केला, मागे दिवा लावला, समोरच्या टीपॉयवर फुलं ठेवली. बाहेर रस्त्यावर कुठलीशी गाडी वाजली आणि आई उभीच राहिली.

"काय झालं?"

"मला वाटलं कोन आलं."

ते फोटो मी स्टुडिओत मालकांना दाखवले. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "साडी उसनी आहे हे लांबून दिसतंय. तीन झालेत ना? तीन पाठव. नाहीतर नुसता चेहरा घे जवळून, हात-पाय दाखवूच नकोस."

तेही करून बघितलं. नुसता चेहरा घेतला, तर डोळे फाटकाकडे. मला रडू आलं आणि रागही आला, आणि मला राग आला की मी मागे हटत नाही, हा माझा गुण म्हणा नाहीतर खोड म्हणा.

"आई, तू या सोफ्यावर कधी बसलीयस?"

"कशाला बसू? त्यो पुसायचा असतो."

"इतकी वर्षं? एकदाही नाही? कोणी नको म्हटलंय का तुला?"

तिनं थोडा विचार केला. "न्हाई," ती म्हणाली. "कुनीच न्हाई म्हनलं."

आणि तेच खरं होतं. ती चहा प्यायची ती स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून. तिचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. तोही तिनंच वेगळा ठेवला होता, कोणी सांगायच्या आधी. लहानपणी मी तिच्याबरोबर यायचे तेव्हा मीही त्याच पायरीवर बसायचे आणि मला ती आमची जागा वाटायची. कोणी मनाई केली असती तर मी भांडले असते. न केलेल्या मनाईशी भांडायचं कसं, तेच कळेना. उजेड माझ्या हातातला होता, साडी मला नेसवता येत होती. तिचं बसणं बदलायला माझ्याकडे कुठलंच सामान नव्हतं.

फोटो पाठवायला थोडे दिवस हातात होते. मी ठरवलं, कॅमेरा बाजूला. रोज संध्याकाळी लोणावळ्याहून मळवलीला उतरले की थेट बंगल्यावर जायचं, चहा करायचा, आणि दोघींनी तो सोफ्यावर बसून प्यायचा. पाठ टेकून. पाहुण्यांच्या कपातून.

पहिल्या दिवशी दोन घोट घेऊन आई उठली. "सांडलं तर?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं सोफ्यावर आधी चादर अंथरली, मी ती काढली, आमचं वाजलं. "तुला काय जातंय," ती म्हणाली, "तू फोटू काडून जाशील. मला हितंच काम करायचंय." मी म्हटलं, "हितंच करायला लागू नये म्हणून तर चाललंय सगळं!" मग आम्ही दोघी तोंडं फुगवून चहा प्यालो. पण सोफ्यावर बसून प्यालो.

एक दिवस मला यायला उशीर झाला. व्हरांड्यातून काचेच्या दारातून आत बघितलं आणि तिथेच थांबले. आई एकटी सोफ्यावर बसली होती. चहा नाही, काही नाही. पाठीमागची उशी तिनं काढून बघितली, परत लावली, हात सोफ्याच्या हातावर ठेवला, उचलला, परत ठेवला. एखादं अवघड काम शिकताना तिचा खालचा ओठ दातात असतो, तसा होता. तेव्हा मला कळलं की हा फोटो आता माझ्या एकटीचा हट्ट राहिलेला नाही. माझा पाय वाजला तशी ती झटकन उठली.

"पाठ टेकली की गुडगा लय हलका हुतो," ती म्हणाली, जणू मी काही विचारलं होतं.

मुदतीचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. या वेळी मी स्टुडिओतला एकही लाइट नेला नाही. हॉलचं काचेचं मोठं दार पश्चिमेला आहे. डोंगराआड ऊन जायच्या आधी थोडा वेळ तिथून पिवळसर उजेड सरळ सोफ्यावर येतो. दुसऱ्या बाजूला मी थर्माकोलची पांढरी पाटी उभी केली, म्हणजे गालावरची सावली फार काळी पडू नये. मागचा पडदा ओढून अंधार केला. आई टसर नेसून बसली. इतक्या फोटोंनंतर उजेड शोधायला ती शिकली होती. गालाला ऊब लागेपर्यंत मान वळवायची आणि थांबायची. पाठ टेकलेली होती. हात जरा आखडलेला होता, पण मी म्हटलं येईल, येईल, अजून थोडा वेळ आहे.

तेवढ्यात फाटक वाजलं. या वेळी खरंच वाजलं.

मॅडम एक दिवस आधीच आल्या होत्या. गाडीचं दार, चपलांचा आवाज, आणि त्या थेट काचेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, खांद्याला पर्स, हातात पिशवी, तोंडभर हसू. "अय्या, मावशी! किती सुंदर दिसताय! बसा, बसा, उठू नका हं."

आईवरचा सगळा उजेड गेला. मॅडमची सावली तिच्या कपाळापासून मांडीपर्यंत पडली होती. मी बघितलं, आईचा पंजा सोफ्याच्या हातावर दाबला गेला, उठायला दाबतात तसा. मला वाटलं संपलं. आता ही उठणार, पाणी आणणार, आणि पुढच्या दहा वर्षांत परत बसणार नाही. मॅडमना बाजूला व्हा म्हणावं असं मनात आलं, पण मी नुसती कॅमेरा धरून उभी राहिले. एवढी तोंडाळ मुलगी!

आईचा पंजा तसाच राहिला. मग तो सैल पडला.

"मॅडम," आई म्हणाली, "वाईच बाजूला सरा. माज्या तोंडावरचा उजेड जातोय."

मॅडमना क्षणभर कळलंच नाही हे कोणाला म्हटलंय. त्यांनी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. मग त्या "हो, हो, सॉरी" म्हणत पिशवी सावरत भिंतीकडे सरकल्या, आणि मी बटण दाबलं. उजेड असेपर्यंत दाबत राहिले.

नंतर आई उठली, साडीचा पदर खोचला आणि मॅडमना चहा घेणार का म्हणून विचारून आत गेली. फरशीवर मॅडमच्या चपलांची माती आली होती, तीही तिनंच पुसली. त्या दिवशी तरी तिनंच पुसली.

पुण्याच्या कंपनीनं आईला घेतलं. तिथल्या साहेबांनी मला फोनवर विचारलं, की बाकी तीन ठीक आहेत, पण मालकिणीच्या फोटोतली ती नजर तुम्ही कशी आणलीत? काय सांगितलं होतं त्यांना? मी म्हटलं, मी काहीच सांगितलं नव्हतं.

त्या फोटोत आई पाठ टेकून बसलीय, हात सोफ्याच्या हातावर सैल आहे, हनुवटी किंचित वर आहे. कॅमेऱ्याकडे ती बघत नाहीये. मॅडम पुरत्या सरकल्या की नाहीत, ते बघतेय.