मळ्यातून आलेली व्हॉइस नोट

आमच्या फॅमिली ग्रुपवर मला सगळे ‘सोर्सवाला’ म्हणतात. कोणी फॉरवर्ड टाकलं – अमक्या झाडाचा पाला खा, शुगर पळून जाईल – की खाली माझा प्रश्न ठरलेला, सोर्स काय? भूत, भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलोय. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, गेज लावल्याशिवाय साधा पार्ट पास करत नाही. तरीपण हे लिहितोय. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

आम्ही मूळचे निघोज्याचे. ग्रुपचं नाव ‘मळ्यातली मंडळी’. मळा आता कुठला राव! जमीन गेली, तिथं दुसऱ्याच एका कंपनीची शेड उभी राहिली, विहीर बुजवून तिच्यावर काँक्रीट झालं. विहिरीकाठचा म्हसोबा तेवढा हलवला नाही, तो कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात चिंचेखाली आहे. वर्षातून एकदा आम्ही गेटपास काढून, सेफ्टी शूज घालून त्याला नैवेद्य दाखवायला जातो. मग ग्रुपवर फोटो पडतात – डोक्यावर हेल्मेट आणि हातात नैवेद्याचं ताट घेतलेली आमची बायको!

बाकी ग्रुप म्हणजे चोवीस तास बाजार. तळेगाव चौकात ट्रॅफिक किती, टँकर आला का, कोणाच्या घरी काय शिजलं, कोणता पुढारी चोर... आणि चुलतभाऊ संदीप फिरायला गेला की विमानतळावरच्या कॉफीपासून हॉटेलातल्या टॉवेलपर्यंत सगळे फोटो.

माझे वडील, अप्पा, पण ग्रुपवर आहेत. वय झालंय, शुगर आहे आणि गेली काही वर्षं विसरायला होतंय. मला कधी ओळखतात, कधी ‘पाव्हणं, कुठून आलात?’ म्हणून विचारतात. त्यांना फोन घेऊन दिला तो नुसते फोटो बघायला. पण बोट कुठंही दाबलं जायचं आणि लांबलचक व्हॉइस नोट ग्रुपवर जायची. आत काय, तर पंख्याची घरघर! संदीपनं त्याला ‘अप्पांची आकाशवाणी’ असं नाव ठेवलेलं. कोणी ऐकत नसे, सगळे हात जोडलेली इमोजी टाकून मोकळे. अपवाद एकच – माणच्या गंगाआत्याचा. ती अप्पांची धाकटी बहीण. तिला वाचता येत नाही, म्हणून ती प्रत्येक व्हॉइस नोट शेवटपर्यंत ऐकते.

तो दिवस मे महिन्यातला. मी फर्स्ट शिफ्टला होतो. बायकोचा फोन आला, आवाज रडवेला – “अहो, अप्पा घरात नाहीत. मी कपडे वाळत घालून आले तर दार उघडं... चपलापण इथंच आहेत!”

बाहेर नुसती आग ओतत होती. शुगरचा म्हातारा माणूस, अनवाणी. अप्पांना फोन लावला तर बंद. गाडी काढता काढता ग्रुपवर टाकलं, ‘अप्पा घरातून निघून गेलेत. कोणाला दिसले तर लगेच कळवा.’

स्टँड पाहिला, देऊळ पाहिलं, पंपाच्या मागं पाहिलं. गावातली पोरं मोटरसायकली घेऊन शोधत फिरत होती. ग्रुपवर एकेकाचे सल्ले चालू. मध्येच संदीपचा थायलंडमधून बोटीतला गॉगलवाला फोटो – त्यानं वरचं वाचलंच नव्हतं! मला असा संताप आला म्हणून सांगू. आणि त्या फोटोखाली अप्पांच्या नंबरवरून एक व्हॉइस नोट आली.

आता यातली गंमत बघा. ज्या माणसाला सगळं खानदान शोधतंय, त्याची नोट आली आणि सवयीप्रमाणं त्यावर तीन जणांनी हात जोडले! मीही नाही ऐकली. पुन्हा फोन लावला, तर बंदच. म्हटलं, मघाशी चुकून दाबलेली असणार, आत्ता पोचली.

तेवढ्यात आत्याचा फोन. “ऐकलंस का?”

“आत्या, आत्ता नको गं. पंख्याचा आवाज असेल.”

“आधी ऐक मुडद्या!”

गाडी कडेला घेतली. फोन कानाला लावला.

पंखा नव्हता. कुर्रर्र... कुर्रर्र असं लाकडी चाक फिरत होतं. बैलांच्या गळ्यातली घुंगरं. मग धबाल्कन पाणी पडल्याचा आवाज – थोडंथोडकं नाही, भरपूर पाणी, दगडावर आपटून पुढं वाहत जाणारं. आणि लांबून एका पुरुषाची हाक. भरड्या गळ्याची, पण मायेची.

“मारत्याऽऽ... बैल सोड लेका. सावलीला बस.”

अप्पांचं नाव मारुती. त्यांना मारत्या म्हणणारं आज गावात कोणी उरलेलं नाही.

मी आत्याला फोन लावला. ती हमसून हमसून रडत होती. “नाना हायेत रं... माझा बाप हाय त्यो! आमच्या हिरीवरची मोट हाय ती. तुझा बाप मळ्यात हाय, हिरीपाशी. जा लवकर.”

नाना म्हणजे माझे आजोबा. मोटेनं पाणी काढायचे त्या काळचे. माझ्या जन्माआधीच गेले. त्यांचा आवाज सोडा, घरात साधा फोटो नाही.

“आत्या, विहीर कुठाय आता? वर शेड झालीय.”

“मला नको शिकवू. मी म्हनते ना, जा!”

गेलो. गेटवरचा सिक्युरिटीवाला आम्हाला नैवेद्यामुळं ओळखतो. म्हणाला, “भाऊ, सकाळपासून इथंच आहे मी. म्हातारं माणूस आत गेलेलंच नाही.” तरी माझा चेहरा बघून त्यानं आत विचारलं आणि मला घेऊन मागं आला.

चिंचेखाली, म्हसोबाला पाठ टेकून, अप्पा सावलीत बसले होते. अगदी निवांत. शेतातून येऊन जेवायची वाट बघत बसावं तसे.

मी पळत जाऊन त्यांना मिठीच मारली आणि दचकलो. धोतर गुडघ्यापर्यंत ओलंचिंब. पावलांना काळा चिखल. आजूबाजूला कोरडे ठणठणीत पेव्हर ब्लॉक, कुठं नळ नाही, पाइप नाही. सिक्युरिटीवाल्यानं तो चिखल पाहिला, टोपी काढली आणि गपचूप म्हसोबाच्या पाया पडला.

“अप्पा, इथं कसे आलात?”

“बैल सोडले,” ते म्हणाले. “नाना म्हनले, सावलीला बस. बसलो.”

डॉक्टरांनी तपासलं आणि तेही चक्रावले. एवढ्या उन्हात एवढा वेळ, एवढी शुगर, आणि अंगातलं पाणी जराही कमी नाही! मला विचारलं, “यांना वेळेवर पाणी कोणी पाजलं?”

मी सोर्सवाला, मी काय सोडतोय! कंपनीनं कॅमेरे दाखवले – गेटमधून अप्पा आत गेलेले दिसत नाहीत. भिंत उंच, वर तारा. अप्पांचा फोन त्यांच्या बंडीत होता, बॅटरी संपलेली. चार्ज केला तर नोट त्यातूनच गेलेली दिसली. मशिनचा आवाज असेल म्हणून त्या शेडमध्ये उभा राहून ऐकून आलो. तसला आवाज तिथं कुठलाच नाही. आणि समजा असला, तरी ‘मारत्या’ कोण म्हणालं?

ग्रुप परत पहिल्यासारखा चालू झालाय, भांडणं, ट्रॅफिक, संदीपचे टॉवेल. पण अप्पांच्या पंख्याची घरघरसुद्धा आता सगळे पूर्ण ऐकतात.

परवा आत्या आली होती. अप्पांनी तिला ओळखलं नाही. मी तिला म्हटलं, ती नोट डिलीट करून टाकू का? मला ऐकवत नाही गं.

तिनं अप्पांचा हात हातात घेतला. म्हणाली, “ऱ्हाऊ दे. मला लई भ्या वाटायचं... ह्यो समदं इसरलाय, जायाच्या वक्ताला वाट चुकून कुठं भटकत ऱ्हाईल म्हनून. आता न्हाई वाटत. हाक मारनारं हाय कुनीतरी.”

नोट अजून तशीच आहे.