बाबांच्या दंडावरची फुली

कारकुनाने कागद उजेडाकडे धरला आणि मोठ्याने वाचलं, "चेहरा लांबट. डोळे घारे. डाव्या दंडावर काळी फुली."

मग त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा भोपळ्यासारखा गोल झाला होता. डोळ्यांच्या जागी दोन चिरा होत्या. डावा दंड इतका सुजला होता की आईने सदऱ्याची बाही उसवून दिली तेव्हा कुठे हात आत गेला. दंडावर फुली नव्हती. एक मोठा फोड होता आणि त्यातून पाणी गळत होतं.

"यातलं काय जुळतं?" मामलेदारांनी विचारलं. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत.

"काही नाही, रावसाहेब. आठ दिवसांपूर्वी निदान चेहरा जुळत होता."

मी अकरा वर्षांची होते. बाबांना दिसत नव्हतं म्हणून त्यांचा हात धरून मीच त्यांना आत आणलं होतं. माझ्यामागे आजी, म्हणजे बाबांची आई, उभी होती. त्या दिवशी रावसाहेबांनी हा तो माणूस नव्हे असं लिहिलं असतं तर बाबांची पेन्शन कायमची गेली असती, आणि वर दुसऱ्याच्या नावावर सरकारला फसवलं म्हणून खटला.

आमचं गाव मांडव्याच्या आतल्या बाजूला. थोडी भातशेती होती, पण बाबा लढाईवरून, बसऱ्याहून, परत आले ते उजवा पाय ओढतच. चिखलात उभं राहणं त्यांना जमत नसे. शेत अर्धेलीने दिलेलं, बाकी घर पेन्शनीवर. ती आणायला बाबा अलिबागच्या कचेरीत जात. तिथला जुना कारकून बाबांना पाहिलं की राम राम घाली आणि कागदावर "खूण पाहिली" असं लिही. त्याने खूण कधीच पाहिली नव्हती. बाबांनीही कधी दाखवली नव्हती.

तो गेला आणि हा नवा आला. हा नियमाचा. म्हणाला, बाही वर करा. बाबांनी केली. दंड कोरा. बाबांनी लंगडा पाय पुढे केला, तर म्हणाला, लंगडी माणसं तालुक्यात पुष्कळ आहेत, भरतीच्या कागदात पाय लिहिलेला नाही, फुली लिहिली आहे. खरा शिपाई बहुतेक बसऱ्याला मेला आणि हा त्याच्या नावावर जेवतो आहे, असंही तो बाबांच्या तोंडावर म्हणाला. आठ दिवसांनी रावसाहेबांसमोर पुरावा घेऊन या.

घरी आल्यावर बाबांनी हे सांगितलं. आजीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यो मेला, तर मंग मी इतकी वरसं भाकऱ्या कोनाला वाढते?"

फुली कुठे गेली ते आजीला ठाऊक होतं, कारण ती तिनेच घातली होती. बाबा भरतीला निघाले त्या सकाळी, एवढ्या उंच पोराला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून तिने बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याच्या तेलाने दंडावर फुली काढली. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखा काळा डाग पडतो. महिनाभरात कातडी सुटते आणि डागही जातो. धोबी कपड्यांवर त्याच तेलाची खूण करतो, ती मात्र राहते. भरतीच्या साहेबाला हा फरक कोण सांगणार? त्याने फुली पाहिली आणि जन्माची खूण म्हणून लिहून टाकली.

आजीने ठरवलं की पुन्हा फुली घालायची. बाबा म्हणाले, ही लबाडी होईल. आजी म्हणाली, हात तोच, दंड तोच, बिब्बाही आपल्याच डब्यातला, यात लबाडी कसली? बाबा दोन दिवस नाही म्हणत राहिले आणि तिसऱ्या दिवशी डाग द्यायला धरलेल्या बैलासारखे अंगणात बसले. रावसाहेबांना चष्मा आहे हे कळल्यावर आजीने फुली तळहाताएवढी काढली.

फुली घातल्यावर तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. पहिल्या वेळी नुसता डाग पडला होता, या वेळी सगळा माणूस फुगला. त्यात बाबांनी झोपेत दंड खाजवला आणि तोच हात डोळ्यांना चोळला. आईने नारळाचं दूध लावलं, खोबरेल चोपडलं. सूज उतरेना. बाबांना शेजाऱ्याच्या बैलगाडीत घालून आणलं, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने हे पाहुणे कुठले म्हणून विचारलं.

तर कचेरीत रावसाहेबांनी विचारलं, हे असं कशाने झालं? कारकून म्हणाला, सोंग आहे. आजी पुढे झाली.

"बिब्बा घातला. तवा पन मीच, आता पन मीच."

तिने सगळं सांगितलं. रावसाहेबांनी उपरण्याने तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. त्यांच्याही आईने त्यांच्या दुपट्यावर बिब्ब्याची फुली काढली असणार. मग ते म्हणाले, आजीबाई, मला पटलं, पण सरकारला पुसली न जाणारी खूण लागते. तशी एखादी आहे का?

"न्हाय," बाबा म्हणाले. फारच लवकर म्हणाले.

"हाय की," आजी म्हणाली.

"आये, गप ऱ्हा. पिनशन गेली तरी चालंल."

"तुला चालंल. चूल मला पेटवायची हाय."

आणि तिने भरल्या कचेरीत सांगितलं की दोन वर्षांचा असताना हा चुलीवरून उतरवलेल्या तव्यावर बसला, आणि उजव्या बाजूला अर्ध्या भाकरीएवढा डाग आहे. मग बाबांना कबूल करावं लागलं, की भरतीच्या वेळी ते पाठ भिंतीला लावून उभे राहिले होते आणि साहेबाने खूण विचारताच त्यांनीच दंड पुढे केला होता. म्हणजे कागदातली चूक साहेबाची नव्हती, बाबांची होती, आणि आपल्या ढुंगणाची लाज राखायला ते तुरुंगातसुद्धा जायला निघाले होते.

रावसाहेबांनी कारकुनाला पट्टी घेऊन कपाटामागे पाठवलं. बाबांना मी तिथपर्यंत नेऊन सोडलं. कारकून बाहेर आला तो कानापर्यंत लाल.

"आहे, रावसाहेब. चार इंच."

पुढे सरकारी डॉक्टरांचा दाखला झाला, कागद पलटणीच्या कचेरीला गेले. उत्तर यायला चार महिने लागले. तेवढे दिवस आम्ही नाचणीची पेज आणि सुकट खाल्ली. उत्तर आलं ते असं: खूण दुरुस्त केली आहे, यापुढे दरवर्षी ती स्वतः पाहून कारकुनाने सही करावी.

दरवर्षी ते दोघे कपाटामागे जात. बाजारात समोरासमोर आले तर दोघेही दुसरीकडे बघत. पाचव्या वर्षी कारकून हळूच म्हणाला, न पाहता लिहितो, तुम्ही बसा.

"नियम हाय," बाबा म्हणाले. "बघा."

आजी त्यानंतर चार पावसाळे जगली. आई तिच्या मागून गेली. बाबा म्हातारे होऊन घरातच गेले. कारकुनाची बदली झाली, पुढचं ठाऊक नाही. मी आहे.