विमानावर नजर ठेवणारे आबा

आमच्याकडं विमान म्हटलं की लोकांना चिकलठाण्याचा विमानतळच आठवतो. माझं विमान थर्मोकोलचं आहे, पंखांसकट माझ्या दोन पसरलेल्या हातांएवढं. पोटात बॅटरी, नाकावर हवेची ऊब आणि ओल मोजणारी बोटभर नळी. हातानं फेकायचं, पुढचं सगळं ते स्वतःच करतं. आखून दिलेल्या वाटेनं गोल गोल वर चढतं, हवा मोजतं, काम संपलं की आपलं आपण खाली येतं. थंडीत सकाळी जमिनीलगत गार हवा साचते आणि तिच्यावर ऊबदार हवा झाकण घालून बसते. चुलींचा आणि गाड्यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ते झाकण किती उंचावर बसतं आणि ऊन आल्यावर कधी उघडतं, एवढंच मला बघायचं असतं. याचा उपयोग काय, असं कॉलेजातले लोक विचारतात. मी सांगणं सोडून दिलंय.

शहरात उडवायची परवानगी काढताना नाकी नऊ येतात. म्हणून मी सिल्लोडकडं, आमच्या शेतावर जायचे. तिथं आबा, म्हणजे माझे वडील, राहतात. आई गेल्यापासून एकटेच. मी शहरात, उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत, तीही एकटीच. दोघांनी एकत्र राहावं म्हणून नातेवाईक उंटावरून शेळ्या हाकतात. पण आबांचा जीव शहरात गुदमरतो आणि माझी नोकरी काही शेतावर येत नाही. फोनवर आमचं बोलणं "जेवलीस का", "जेवले", "बरं ठेव" एवढ्यात संपतं. मग मी फोन ठेवून उगाच भांडी घासत बसते.

विमान उडवायला नियमानं दोन माणसं लागतात. एकानं लॅपटॉपवरचे आकडे बघायचे, दुसऱ्यानं विमानावरची नजर काढायची नाही. मी मान न उचलता मधूनमधून विचारायचं, "आहे का?" आणि त्यानं म्हणायचं, "दिसतंय." उत्तर आलं नाही तर विमान ताबडतोब खाली घ्यायचं. माझ्या सोबतची मुलगी नोकरी बदलून पुण्याला गेली तेव्हा दुसरं माणूस मिळेना. आबा म्हणाले, "म्या हाय की. बसूनच बघायचंय नव्हं?"

त्यांच्याबरोबरचा पहिला हिवाळा फार बरा गेला, खोटं कशाला बोलू. दर रविवारी मी अंधारात निघायचे. आबा शाल गुंडाळून बाजेवर तयार असायचे. "आहे का?" "दिसायलंय." थोड्या वेळानं पुन्हा, "आहे का?" "दिसायलंय की, किती इचारतीस?" बांधावरून जाणारा कुणी हसून म्हणायचा, "इतकं शिकून पोरगी पतंग उडवायली व्हय?" त्यावर आबा वर बघतच म्हणायचे, "तुह्या बापानं उडवला का असला पतंग?" याखेरीज आम्ही फारसं काही बोलायचो नाही. पण अख्ख्या आठवड्यात मला इतक्या वेळा उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं.

या हिवाळ्यात एका सकाळी वारं वेडंवाकडं सुटलं आणि लॅपटॉपवरचे आकडे थांबले. विमानाशी संपर्क तुटला होता. असं झालं की ते मोटर बंद करून तरंगत परत येतं, आवाज अजिबात येत नाही. मी घाईनं विचारलं, "आबा, आहे का?"

"दिसायलंय."

"कुठं?"

त्यांनी समोर हात केला. "त्ये काय. लई वर गेलंय."

मी बघितलं. आभाळ कोरं होतं, साधी घारसुद्धा नव्हती. मागं वळले तर विमान आमच्या पाठीमागं मक्याच्या धसकटांत पडलेलं, एक पंख मातीत. आणि आबा अजून हात वर करून बसलेले.

माझं डोकंच फिरलं. "मागं पडलंय ते, आबा! तुम्हाला दिसत नाही का?"

त्यांनी हात हळूच खाली घेतला आणि शालीत ओढला. मी विचारलं, कधीपासून.

"दिवाळीच्या आधीपासून. मधलं थोडं दिसतंय, बाजूचं समदं गेलं."

"आणि तुम्ही खुशाल दिसतंय म्हणता? कुणाच्या डोक्यात पडलं असतं म्हणजे?"

"दिसत नाय म्हणलं असतं तर तू दुसरं माणूस आणलं असतंस."

"आणलंच असतं."

"मग रईवारी म्या काय करायचं व्हतं?"

मला आणखी खूप बोलायचं होतं, रागही तसाच होता. मी जाऊन विमान उचललं आणि पंखावरची माती पुसत तिथंच उभी राहिले.

त्याच आठवड्यात त्यांना शहरात, औरंगपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले. आबा माझ्याकडं दोन दिवस राहिले, दारांच्या चौकटींना धडकले आणि या कबुतरखान्यात आपलं काही जमायचं नाही म्हणून निघाले. मी भांडले, रडले. ते म्हणाले, शेतातली वाट माझ्या पायांना ठावी हाय. पुढं शेजारच्या घरातली सून त्यांना थेंब घालायला लागली.

विमान मी कपाटावर ठेवून दिलं. नियमानं दुसरं माणूस नेता आलं असतं. पण आबांच्या शेतात, त्यांच्या देखत, त्यांच्या जागी कुणाला उभं करायचं? माझ्यानं ते झालं नसतं. पहिल्या मोकळ्या रविवारी मी उशिरा उठले, चहा केला, तो गार करून ओतून दिला. खोलीत इतकी शांतता होती की मला माझीच चीड आली. दुपारी गाडी काढली.

आबा बाजेवरच होते. गाडीचा आवाज ओळखून म्हणाले, "लई उशीर केलास. आता वारं सुटलंय, कसं उडवणार?"

"विमान नाही आणलं."

"बिघडलं का?"

"नाही."

"मग काय काम काढलंस?"

"काही काम नाही, आबा."

त्यांचं तोंड माझ्याकडं होतं, पण जरा बाजूला. काठी चाचपून त्यांनी जवळ ओढली आणि उठायच्या तयारीनं, अगदी हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आई गेल्याचं सांगायला मी अशी दुपारची, रिकाम्या हातांनी आले होते. त्यानंतर आजच.

"कुणी नाही गेलं," मी म्हणाले. "मी आलेय. सरका जरा."