बोरीवर विसरलेलं लुगडं

मी दुर्बीण आबांच्या हातात दिली तेव्हा समोरच्या बाभळीवर कापशी घार बसली होती, अगदी फोटो काढून घ्यायला बसल्यासारखी. म्हटलं, बघा आबा. आबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, घारीकडे पाठ केली आणि हातभर अंतरावरून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ. मग दुर्बीण खाली घेऊन म्हणाले, "ते समदं खरं. पर आलाव कावून?"

"पाखरं बघायला."

"ते खरं. पर आलाव कावून?"

तुम्हीही कधी सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, गळ्यात ओझं अडकवून पाखरांमागे हिंडला असाल, तर या प्रश्नाला तुमच्याकडेही उत्तर नसेल. माझ्याकडे तर नव्हतंच. आणि उत्तर नसलेला माणूस लबाड दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

माझं आष्टीत चष्म्याचं दुकान आहे. लोकांना दिसावं हा माझा धंदा. दुकानात दुर्बीण होती म्हणून हिवाळ्यातल्या रविवारी मी हौशी मंडळींना पक्षी दाखवायला नेऊ लागलो. मला वाटाड्या कुणी नेमलं नव्हतं. ज्याच्या गळ्यात दुर्बीण तो वाटाड्या. माझ्या अधिकाराबद्दल एवढंच सांगतो की पहिल्याच सहलीत मी सगळ्यांना पोटावर सरपटत एका बगळ्यापर्यंत नेलं होतं. बगळा जवळून पाहिला तेव्हा त्याच्या पोटावर कडा गावच्या एका किराणा दुकानाचं नाव छापलेलं होतं.

कड्याच्या पुढे डावीकडे उतरलं की उघडे माळ लागतात. दिवाळी सरली की गवत वाळून कडकड वाजतं, दगडालासुद्धा सावली सापडत नाही. पण दोन टेकड्यांच्या मध्ये एक खोलगट रान आहे, लवण म्हणतात त्याला. थंडीत तिथं पहाटे धुकं उतरतं आणि ऊन चढेपर्यंत उठायचं नाव घेत नाही. सगळा माळ करपलेला असताना त्या लवणातल्या बोरी हिरव्यागार असतात, आणि तालुक्यातली निम्मी पाखरं तिथं गोळा होतात. तितर, मुनिया, चंडोल, कधी पखुर्ड्यांचा थवा. ते रान आबांचं होतं. सगळं गाव त्यांना आबाच म्हणे.

आबांचा कशावरही विश्वास नव्हता. फाट्यावरच्या हॉटेलात मी त्यांना चहा पाजला की ते आपला कप माझ्यापुढं सारत आणि माझा उचलत. कुणी मोटारसायकलवर बसा म्हटलं तर आधी विचारत, "अन् परत कोन सोडनार?" माझा मोबाईल बंद करून खिशात ठेवलेला असला तरी त्याच्यासमोर हळू बोलत. आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी घोंगडं हमखास खांद्यावर.

याला कारण होतं. त्या माळावर पवनचक्कीवाल्यांची पांढरी जीप फिरत होती. आजूबाजूच्यांनी सह्या करून टाकल्या होत्या. टेकडीच्या माथ्यावर चक्की न्यायची तर रस्ता सोयीचा एकच, लवणातून. सातबाऱ्यावर नावं दोघांची, आबांचं आणि त्यांच्या पुतण्याचं. पुतण्या तयार होता. आबा सही करत नव्हते. तेव्हा टोपी घालून गाडीतून उतरणारा आणि "काय सुंदर जागा आहे हो" म्हणणारा कुठलाही माणूस आबांच्या लेखी जीपवाल्यांचाच होता.

आणि मी काय केलं? पहिल्याच दिवशी, त्यांच्या बांधावर, मोठी दुर्बीण तिपाईवर चढवली. पिवळी तिपाई. जमीन मोजायला येतात त्यांची असते ना, तशीच.

आबा आले आणि भिंगापुढं पाचसहा पावलांवर धोतर सावरून बसले. आम्ही तिपाई उजवीकडे नेली, आबा उजवीकडे सरकले. डावीकडे नेली, डावीकडे. मोजणी होऊ द्यायचीच नाही. बरोबरचे सगळे रांगेत येऊन आळीपाळीने डोळा लावत होते आणि प्रत्येकाला दिसत होता तो आबांचा पटका, ताटाएवढा. एका बाईंनी हा कुठला पक्षी म्हणून विचारलं. मी सांगितलं, स्थानिक आहे.

आता शंका काय एकट्या आबांनाच येते? परतताना मला धुक्यात बोरीवरून काहीतरी लांबच लांब लोंबताना दिसलं. मी मंडळींना थांबवून दबक्या आवाजात सांगितलं, "जाळं. हा माणूस तितरं धरतो. म्हणूनच आपल्याला इथं येऊ देत नाही." आमच्यात एक कापडाचे दुकानदार होते. ते म्हणाले की हे कापड दिसतंय. मी त्यांना सांगितलं की तुम्हाला सगळीकडे कापडच दिसणार. बघा, चष्मेवाला कापडवाल्याला कापड ओळखायला शिकवत होता.

आबांना मुद्देमालासह पकडायचं असं मी ठरवलं. पुढच्या रविवारी कुणालाही न सांगता पहाटेच लवणात उतरलो आणि दबा धरून बसलो. दबा धरायला मी बोरीचं झुडूप निवडलं. बोरीच्या काट्याचं वैशिष्ट्य असं की तो आत जाऊ देतो. बाहेर येऊ देत नाही. पाऊल वाजलं, मी उठायला गेलो, पँट मागून टर्रकन फाटली आणि धुक्यातून एक हात आला. त्याने माझी गचांडी धरली.

"खुट्या कुटं हायत?"

मी हद्दीच्या खुंट्या रोवायला आलो असं आबांना वाटलं होतं. त्यांनी माझे खिसे चाचपले. भिंगं पुसायचं फडकं निघालं, ते उलटं करून बघितलं. मग माझीही हिंमत वाढली. विचारलं, "आणि तुमची जाळी कुठं आहेत?"

"कसली जाळी?"

मी बोट दाखवलं. आबांनी तिकडं बघितलं आणि माझी गचांडी सोडली. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मला चोरी पकडली गेल्याचा भाव दिसला.

ते लुगडं होतं. हिरवं, लाल काठाचं, पदराला ठिगळ लावलेलं. बोरीच्या शेंड्यावरून तिरकं पसरलेलं. धुक्यानं ते इतकं चिंब झालं होतं की खालच्या काठावरून थेंब ठिबकत होते आणि खाली ठेवलेल्या लोखंडी घमेल्यात पडत होते. थोडं उजाडलं तशा मुनिया आल्या. काही घमेल्यावर बसल्या, काही लुगड्याच्या काठालाच उलट्या लोंबकळल्या आणि ठिबकणारा थेंब चोचीत धरू लागल्या. मी दुर्बीण उचललीसुद्धा नाही. लागतच नव्हती.

आबा माझ्याकडे न बघता बोलू लागले. त्यांची बायको एकदा धुणं काढायला विसरली होती. सकाळी येऊन बघते तर ही तऱ्हा. त्यानंतर ती हिवाळाभर रोज एक लुगडं विसरायची. आबांनी तिला यावरून पुष्कळ बोलून घेतलं होतं. आता तिला जाऊन बरेच हिवाळे झाले होते.

"ती इसरायची," आबा म्हणाले. "मी बी इसरतो."

मग माझा हात धरून म्हणाले, "कुनाला बोलू नका, चष्मेवाले. म्हातारं येडं झालं म्हनतील. येड्याची सही लागत न्हाई."

हे मात्र मला लगेच कळलं.

तरी लुगडं काही लपवता येत नाही. महिन्याभरात एका रविवारी मी मंडळींना घेऊन लवणात उभा होतो, तर बांधावर जीप थांबली. पुतण्या उतरला, मागून जीपवाला साहेब. पुतण्यानं थेट बोरीकडे हात केला. म्हणाला, बघा साहेब, मेलेल्या चुलतीचं लुगडं रोज बोरीवर टाकतो, पाखरायला पानी पाजायला. याच्या डोक्याचं काही खरं न्हाई. कचेरीत सांगून माझ्या एकट्याच्या सहीवर काम भागवा.

आबा पटका हातात घेऊन उभे होते. त्यांना काही सुचत नव्हतं. आणि मला, नेहमीप्रमाणे, विचार करायच्या आधीच सुचलं.

"लुगडं माझं आहे," मी म्हणालो.

सगळे वळले.

"म्हणजे माझं नाही. आबांच्या घरातून मागून आणलंय. टाकतो मी. प्रयोग आहे. धुक्यातून पाणी काढायचा."

जीपवाल्या साहेबानं मला पुढून मागून बघितलं. गळ्यात दोन दुर्बिणी, डोक्यावर कानटोपी, पँटीला मागून दुसऱ्या रंगाचं ठिगळ. त्याला लगेच पटलं. आमच्या मंडळींनाही लगेच पटलं, याचं मला आजही थोडं वाईट वाटतं. कापडवाले तर हळूच म्हणाले की मला आधीपासून शंका होती.

एकट्या आबांना पटलं नाही. ते पुढं आले, माझ्या गळ्यातली दुर्बीण ओढून डोळ्यांना लावली आणि हातभर अंतरावरून माझं तोंड निरखलं. "ते समदं खरं," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पर कावून?"

जीप गेली. येडा मी ठरलो, तेव्हा आबांची सही लागणारच होती, आणि ती त्यांनी दिली नाही. पुढं रस्ता पल्याडच्या खोऱ्यातून वळला, जरा लांबचा पडला. चक्की माथ्यावर उभी राहिली. सकाळच्या धुक्यात तिचं नुसतं एक पातं खाली येताना दिसतं आणि परत वर जातं. "बघा कसं वाकून बघतंय," आबा म्हणायचे, "त्याला बी इचारा, कावून." आष्टीत मात्र माझं नाव लुगडेवाले पडलं ते पडलंच. दुकानात भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचता वाचता गिऱ्हाईक मध्येच विचारतं, आज काय वाळू घातलंय?

यंदाच्या उन्हाळ्यात आबा गेले. मला दहाव्यानंतर कळलं, एका गिऱ्हाइकाकडून, तो फ्रेम निवडत असताना. त्यानेच पुढं सांगितलं की माथ्यावर दुसरी चक्की यायची आहे आणि पांढरी जीप पुन्हा दिसू लागली आहे. आता सातबाऱ्यावर नाव एकच होतं, आणि त्या नावाबद्दल मला तिळभर शंका नव्हती. थंडी पडली तरी मी लवणाकडे फिरकलो नाही. काय बघायचं? मुरमाचा रस्ता?

शेवटी परवाच्या रविवारी राहवलं नाही. एकटाच गेलो. धुकं दाट होतं. बांधावर पुतण्या बसला होता, घोंगडं पांघरून. मी राम राम केला. त्यानं मान हलवली. बसा म्हणाला नाही.

मग मला ठिबकल्याचा आवाज आला.

जवळ जाऊन बघितलं. बोर तीच, घमेलंही तेच, पदराचं ठिगळही तेच. मुनिया अजून यायच्या होत्या.

"लुगडं टाकलंय," मी म्हणालो.

"काल वाळू घातलतं," पुतण्या म्हणाला. "काडायचं इसरलं."

मेलेल्या बाईचं लुगडं काल कुणी धुतलं, हे मी विचारलं नाही. विचारलं ते दुसरंच. जीपवाले आले होते म्हणे?

"आलते."

"मग?"

"इचारलं त्यायला. कावून आलाव."

एवढं बोलून तो समोर बघत बसला. मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि हातभर अंतरावरून त्याच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. धुकं होतं, नीट काही दिसलं नाही.