आईच्या जबड्याचा विचार

श्रीरामपुरात माझ्या दातांच्या डॉक्टर मित्राइतका सावकाश माणूस अजून जन्मलेला नाही, आणि जन्मला असेल तर अजून घरातून निघालेला नाही. आम्ही शाळासोबती. कुणीही भेटलं की हा आधी हनुवटी बघतो, मग माणूस ओळखतो. लग्नाच्या पंगतीत याचं जेवण राहतं बाजूला, समोरचा कुठल्या बाजूने चावतो तेच बघत बसतो. काहीही विचारा, उत्तर एकच, "विचार करतो." चहात साखर किती, यालासुद्धा!

माझी आई दर रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायची. एकदा भर वाचनात तिची खालची कवळी उसळली आणि तिने पुस्तक मिटलं ते मिटलंच. घरातही बोलेनाशी झाली. मी मित्राकडे हटून बसलो, "सगळे पक्के दात बसव. इम्प्लांट कर." त्याने स्कॅन काढला. हाड झिजून गेलेलं, मागच्या बाजूला तर लगेच खाली नस.

"तिथं स्क्रू घातला तर ओठ बधिर व्हायचा."

"मग हाड भर ना!"

"या वयात, एवढ्या शुगरवर? विचार करतो."

आठवडे गेले. आईच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा समोर ठेवून हा आपला चहा पितोय. माझं डोकं फिरायचं. शेवटी त्याने आईला बोलावलं आणि म्हणाला, "मावशी, जरा वाचून दाखवा."

"चष्मा न्हाई आणला."

"मग पाठ असेल ते म्हणा."

आई कवळी सांभाळत म्हणत राहिली, हा डोळे मिटून ऐकत राहिला. पुन्हा म्हणा. अजून एकदा.

"लई झालं की रे," आई वैतागली, "बैल घ्यायला आलायस का?"

तेव्हा कुठे तो हसला. "बोलताना कवळी पुढूनच उचलते. पुढं हनुवटीपाशी हाड बरं आहे. तिथं दोनच स्क्रू बसवू, त्यांच्यावर कवळी अडकवू. मागं हाड नाही, तिकडं आपण जायचंच नाही."

स्क्रू हाडात धरायला काही महिने गेले. आई पुन्हा वाचायला उभी राहिली, त्या रविवारी चर्चची पायरी कधी न चढलेला हा गडी शेवटच्या बाकावर हजर. कसं वाचलं, विचारलं तर म्हणाला, "मी कवळीच ऐकत होतो. काय वाचलं ते पुढच्या रविवारी ऐकतो." तेव्हापासून येतोच आहे.

आता आईचे दात घट्ट आहेत, पण शुगरने नजर नेली. फार वाईट वाटतं. दर शनिवारी तो घरी येऊन तिला उद्याचा पाठ वाचून दाखवतो. त्याच्या संथ वाचनावर तिचं पाठांतर छान होतं. रविवारी ती पुस्तक उघडून उभी राहते. परवा मध्येच थांबली. मी बाकावरून उठायला लागलो. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून पुढची ओळ मोठ्याने आली. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. आई मात्र ती ओळ धरून वाचत पुढे गेली होती.